मोडलेला हात वाकडा जुळू नये म्हणून

मूल जांभळावरून पडो, सायकलवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून. ते पंजावर आपटतं आणि कोपर-मनगटामधलं हाड मोडतं. ‘लहान मुलाचं हाड आपोआप सरळ होतं’ या समजुतीवर मुळशीतल्या चांदे गावच्या पालकांनी विसंबू नये. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलात मनगटाजवळचा बाक वाढीबरोबर बराच भरून येतो, हाताच्या मधला कमी. हाड पिळलेलं जुळलं तर तो पीळ सहसा जात नाही.

काय करावे

• कडं, दोरा लगेच काढा. हात आहे तसाच पुठ्ठ्यावर बांधा, झोळीत घ्या. पौडचं ग्रामीण रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठा.

• एक्स-रेत कोपर आणि मनगट दोन्ही हवेत. करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं तेव्हा दुसरं कोपराशी निखळलेलं असू शकतं. इटलीच्या मोंतेज्जांनी 1814 मध्ये ही दुखापत नोंदवली. आजही ती नजरेतून सुटते.

• प्लास्टर घातल्यावर आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढा. ही फेरी चुकल्याने मोठं नुकसान होतं. सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं आणि आत हाड सरकतं. मुलाला दुखतही नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळलं तर ते पुन्हा बसवता येतं. रोज बुडाला तरी जा.

काय टाळावे

• तेल लावून चोळणं, हात ओढणं.

• कामट्यांची करकचून बांधलेली पट्टी. सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात, बोटं कायमची आखडतात. प्लास्टरमध्येही बोटं सरळ करताना मूल कळवळलं, बोटं गार किंवा बधिर पडली, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

• प्लास्टर निघताच कबड्डी, झाडावर चढणं. काही महिने तेच हाड पुन्हा मोडू शकतं.

वाकडं जुळलंच असेल तर

कोपरं कमरेला टेकवून दोन्ही तळवे प्रसाद घेतल्यासारखे वर, मग पालथे करायला सांगा. लहान मुलाचे दोन्ही हात सारखे फिरत असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुधा थांबता येतं. एक हात अडत असेल तर जोर लावून फिरवून घेऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती दुखापतीपासून वर्षाच्या आत झालेली बरी. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.