मुलांच्या वहीवरील रेघा

शाळा उघडण्याच्या दिवसांत बाजारांतून वह्यांचा गठ्ठा घरीं येतो. मूल कोणत्या इयत्तेंत आहे एवढें दुकानदारास सांगितलें म्हणजे आपलें काम झालें, असें पुष्कळ आईबापांस वाटतें. आणि दुकानदारही जी वही हाताशीं असेल ती पुढें करतो. परंतु जें मूल नुकतेंच अक्षर गिरवूं लागलें आहे, त्याच्या वहीवर रेघा कशा आहेत हें वाचकांनीं अवश्य पाहावें.

आमच्या पाहण्यांतील एका मुलीची गोष्ट आहे. ती दुसरींत होती. बाप शेतमजुरीवर जाणारा. स्वस्त पडतात म्हणून त्यानें बारीक रेघांच्या बारा एकरेघी वह्या एकदम आणल्या. त्या रेघांत तिचीं अक्षरें एकमेकांच्या अंगावर चढूं लागलीं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत शिरे. 'हिच्या हाताला वळणच नाहीं' असें शाळेंत ठरून गेलें, आणि मुलगी वही दप्तराच्या तळाशीं लपवूं लागली. एके दिवशीं तिला आम्हीं पाटीवर तेंच लिहावयास सांगितलें. अक्षरें गोल व ठळक आलीं. मग दोष हातांत कोठें होता?

इंग्रजी अक्षर रेघेवर उभें राहतें. बालबोध अक्षर रेघेस लोंबतें. मोडी लिहिणारे कारकून आधीं कागदभर आडवी रेघ ओढीत व मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत, त्यांतलें मर्म हेंच. मराठी लिहिणाऱ्या मुलास म्हणून वरची रेघ प्रथम पाहिजे. अक्षर कोठून सुरू करावयाचें व शिरोरेघ कोठें द्यावयाची, हें ती सांगते. खालची रेघ अक्षराची उंची सांगते. दुरेघी वहीचा उपयोग तो हाच.

परंतु सर्व दुरेघी वह्या सारख्या नसतात, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. आपण जोडीच्या दोन रेघांमधील जागा पाहतों. एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंतची जागा पाहत नाहीं. त्या मधल्या पट्टींत वरच्या ओळीचे उकार उतरतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा व रफार चढतात. एकाच पट्टींत दोन बिऱ्हाडें! ही पट्टी निदान जोडीच्या आंतील जागेएवढी तरी असावी, असें आमचें मत आहे. परीक्षा सोपी आहे. वरच्या ओळींत 'फूल' व त्याच्या बरोबर खालीं 'कौल' लिहून पाहावें. दोहोंची टक्कर झाली तर ती वही लहान मुलासाठीं घेऊं नये. आंतील जागा आरंभीं सुमारें एक सेंटिमीटर असल्यास बरें. लहान बोटांस त्याहून बारीक अक्षर झेपत नाहीं, आणि जोडाक्षर तर मुळींच मावत नाहीं.

महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. त्यामुळें चाररेघी वहीही दप्तरांत असते, आणि पैसे वांचविण्यासाठीं तींतच मराठी लिहिण्यास सांगण्याचा मोह होतो. मधल्या पट्टींत अक्षर, वर मात्रा, खालीं उकार, अशी सोय लावतां येते, हें खरें. परंतु तींत इंग्रजी लिहितांना अक्षर मधल्या पट्टीच्या तळाच्या रेघेवर बसतें व मराठी लिहितांना वरच्या रेघेस लोंबतें. नवशिक्या मुलाचा यांत गोंधळ होतो. दोन भाषांस दोन वह्या असाव्या. काटकसर करावयाचीच तर कव्हरावरील रंगीत चित्रांत करावी.

कागदही पाहावा. पेन्सिलीनें लिहून खोडरबरानें दोनदां खोडल्यावर कागद फाटूं नये. रेघा फिक्या असाव्या. गडद रेघांत मुलाची पेन्सिल हरवून जाते.

दुरेघी सोडून एकरेघी वही केव्हां द्यावी? इयत्ता पाहून नव्हे, तर अक्षर पाहून. खालची रेघ नसतांनाही अक्षरांची उंची सारखी राहूं लागली म्हणजे खुशाल द्यावी. कोणाचें हें दुसरींत होतें, कोणाचें चौथींत.

वर सांगितलेल्या मुलीच्या घरीं बारा वह्या पडून होत्या, आणि त्या टाकून देण्याची ऐपत नव्हती. आम्हीं तिच्या बापास एवढेंच सुचविलें कीं, एक रेघ सोडून एक रेघ लिहूं द्यावें. वही लवकर भरली, परंतु वळण दिसूं लागलें. कोऱ्या कागदासाठीं त्यानें पुढें एक युक्ति केली. एका जाड कागदावर पट्टीनें काळ्या शाईच्या दुहेरी रेघा ओढल्या. तो कागद पातळ कोऱ्या पानाखालीं ठेवला म्हणजे रेघा वर उमटून दिसतात. त्याच एका कागदावर आतां तिचा धाकटा भाऊ लिहितो.