१४ गेज म्हणजे किती चौरस मिलिमीटर?



अमेरिकेत तयार झालेल्या विद्युत उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत '१४ गेजची तांब्याची तार वापरावी' अशा प्रकारची सूचना असते. आपल्याकडे दुकानात मात्र घरगुती वायरिंगची तार १, १.५, २.५, ४ चौरस मिलिमीटर अशा मापांनी मिळते. मग १४ गेजऐवजी कोणती तार घ्यावी? हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न नाही. गरजेपेक्षा बारीक तार घेतली, तर ती भिंतीआड तापत राहते आणि आगीला कारण होऊ शकते.

प्रथम एक गोष्ट लक्षात ठेवा : गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. असे उलटे का? तार बनवताना धातूची सळई क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. जितक्या जास्त वेळा ओढावी, तितकी ती बारीक होते. गेजच्या आकड्यांचे मूळ या ओढण्याच्या क्रमात आहे.

अमेरिकन गेजला 'ब्राऊन अँड शार्प गेज' असेही म्हणतात. या नावाच्या कंपनीने १८५७ साली तारांची मापे एका भूमिती श्रेढीत बसवली. ३६ गेजच्या तारेचा व्यास ०.००५ इंच, म्हणजे ०.१२७ मि.मी. धरला आणि सर्वांत जाड ०००० गेजच्या तारेचा ०.४६ इंच. दोन्ही व्यासांचे गुणोत्तर ९२ येते. या दोहोंत ३९ पायऱ्या आहेत. म्हणून एका पायरीला व्यास ९२ च्या ३९ व्या मुळाने, म्हणजे १.१२३ पटीने बदलतो.

वीज वाहून नेण्यासाठी मात्र व्यासापेक्षा काटछेदाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. ते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दर पायरीला १.१२३ × १.१२३ = १.२६ पटीने बदलते. आता १.२६ हे २ चे घनमूळ आहे, हे तुमच्या ध्यानात आले का? त्यातून हे सोपे नियम निघतात :

(१) गेज ३ ने वाढला की क्षेत्रफळ निम्मे होते.
(२) गेज १० ने वाढला की क्षेत्रफळ सुमारे एक दशांश होते.
(३) १० गेजच्या तारेचे क्षेत्रफळ ५.२६ चौ. मि.मी. असते.

एवढ्या तीन गोष्टी पाठ असल्या की कोष्टकाची गरज नाही. उदाहरणार्थ, १४ गेज घेऊ. १० वरून १३ वर आलो की ५.२६ चे निम्मे २.६३. आणखी एक पायरी म्हणजे २.६३ ÷ १.२६ = २.०९. कोष्टकातील आकडा २.०८ आहे.

बाजारात २.०८ चौ. मि.मी.ची तार नाही. १.५ घ्यावी की २.५? उत्तर भौतिकशास्त्र देते. तांब्याच्या १ मीटर लांब आणि १ चौ. मि.मी. काटछेदाच्या तारेचा रोध २०° सें. तापमानाला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. तारेतून १५ अँपिअर प्रवाह वाहत आहे असे समजू. उष्णतेच्या रूपाने दर मीटरला खर्च होणारी शक्ती = (प्रवाह)² × रोध. त्यावरून :

१४ गेज (२.०८ चौ. मि.मी.) – १.८६ वॉट
१.५ चौ. मि.मी. – २.५८ वॉट
२.५ चौ. मि.मी. – १.५५ वॉट

१.५ ची तार घेतल्यास सुमारे ३९ टक्के जास्त उष्णता निर्माण होईल. म्हणून रूपांतर करताना उत्तर दोन मापांच्या मध्ये आले, तर नेहमी जाड बाजूचे माप घ्यावे. येथे २.५ चौ. मि.मी. हेच उत्तर. तार किती तापेल हे तिचे आवरण, ती कशी बसवली आहे आणि आजूबाजूचे तापमान यांवरही अवलंबून असते. म्हणून प्रत्यक्ष वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. 'गेज' हा शब्द ब्रिटिश पद्धतीतही आहे आणि आपल्याकडे मोटारीच्या वाइंडिंगची तार पुष्कळदा त्याच गेजने मागतात. ब्रिटिश १४ गेजच्या तारेचा व्यास २.०३ मि.मी. असतो, अमेरिकन १४ गेजच्या तारेचा १.६३ मि.मी. पहिलीचे क्षेत्रफळ दुसरीच्या दीडपटीहून अधिक आहे! तेव्हा नुसता आकडा पुरेसा नाही. गेज कोणता, हेही विचारावे.

करून पाहा : कशालाही न जोडलेल्या उघड्या तांब्याच्या तारेचे २० वेढे पेन्सिलीवर एकमेकांना चिकटून घाला. वेढ्यांची एकूण रुंदी मोजा व २० ने भागा. हा तारेचा व्यास. समजा, रुंदी १६ मि.मी. आली. व्यास ०.८ मि.मी. आणि क्षेत्रफळ ०.७८५ × ०.८ × ०.८ = ०.५० चौ. मि.मी. दुसऱ्या नियमाने २० गेजचे क्षेत्रफळ सुमारे ०.५३ येते. म्हणजे तुमची तार जवळजवळ अमेरिकन २० गेजची आहे.

स्वाध्याय : (१) १२ गेजचे क्षेत्रफळ तोंडी काढा. (२) त्याऐवजी २.५ की ४ चौ. मि.मी.ची तार घ्याल? का?