लठ्ठपणा : दिसतो त्याहून वेगळा

शरीरात गरजेपेक्षा अधिक चरबी साठणे म्हणजे लठ्ठपणा. आपण मात्र तो केवळ अंगकाठीवरून ओळखतो. कापसाच्या शेतात राबणाऱ्या आपल्या आर्णी परिसरात तो श्रीमंतांचा विकार मानला जातो. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले होते. चरबी मात्र त्या प्रमाणात घटलेली नव्हती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

पोटात व यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार बळावतात. वाढलेल्या वजनाचा भार गुडघ्यांवरही पडतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा.

शेतमजुरांच्या घरांतून शिकून शहरातील खुर्चीवर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. श्रम सुटले, पण भूक व भाताचे ताट तेवढेच राहिले, तर धोका वाढतो.

संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या राजाला भगवान बुद्धांनी भोजनात मात्रा राखण्याचा उपदेश केला. राजाने जेवताना रोज तो ऐकवण्याचे काम एका तरुणावर सोपवले आणि आहार हळूहळू घटवला. स्थूल मुलाला चिडवून काही साधत नाही. त्याला हवी असते अशीच प्रेमळ सोबत, भाजी-डाळीचे ताट आणि रोजचे मैदान.

आणि मुलींच्या ताटाकडे अधिक लक्ष द्यावे. आज तिला पुरेसे सकस अन्न मिळाले, तर उद्या तिचे बाळ सुदृढ जन्मेल. लठ्ठपणाविरुद्धचा लढा कुपोषणाविरुद्धच्या लढ्यापासूनच सुरू होतो.