‘मेंटेनन्स’ला लागला म्हणून खंत नको

भिलाईतल्या मराठी घरांमध्ये हल्ली एक काळजी वारंवार ऐकू येते. मुलगी इंजिनिअर झाली, पुण्यात किंवा नागपूरच्या मिहानमध्ये आयटी कंपनीत लागलीही. पण काम मिळालं ते जुन्या सर्व्हरवरचं जुनं अ‍ॅप्लिकेशन सांभाळण्याचं. ‘सगळं जग एआय शिकतंय आणि आमची मुलगी मेंटेनन्समध्ये अडकली,’ असं आई-वडील म्हणतात. मला ही काळजी चुकीची वाटते, आणि भिलाईकरांनी तर ती मुळीच करू नये.

इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. २०१८च्या जूनमध्ये विस्तारलेल्या, आधुनिक कारखान्याचं लोकार्पण झालं आणि त्याच कार्यक्रमात आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी परिसराची पायाभरणीही. मधल्या काळात कारखाना बंद ठेवून कोणी नवा बांधत बसलं नाही. जुनं चालू ठेवून शेजारी नवं उभं करायचं आणि दोन्ही जुळवून घ्यायचं, ही कला ज्यांनी साधली त्यांच्याच घरात आज मेंटेनन्स हा शब्द हलका का वाटावा?

सॉफ्टवेअरमध्ये ही जुळवाजुळव किती बारीक असते, ते एका उदाहरणात पाहू. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी स्प्रिंग बूट ३ या जावा फ्रेमवर्कवर प्रोजेक्ट करतो. लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. मग तो त्याची वॉर फाइल, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचं गाठोडं, कॉलेजच्या सर्व्हरवर टाकतो. तिथे जावा अ‍ॅप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट ९ आहे. लॉगमध्ये डिप्लॉयमेंट पूर्ण झाल्याची ओळ येते, एकही एरर दिसत नाही आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’. मुलगा रात्रभर स्वतःचा कोड तपासत बसतो. कोड बरोबरच असतो.

दोष आवृत्तीचा. ओरॅकलने २०१७ साली जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण ‘जावा’ हा ट्रेडमार्क स्वतःकडेच ठेवला. त्यामुळे जावा ईईचं जकार्ता ईई झालं, आणि २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची ‘जावाएक्स’ने सुरू होणारी नावं बदलून ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, टॉमकॅट १० नवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला नवीच नावं लागतात, शिवाय किमान जावा १७. जुना सर्व्हर नव्या नावाचा वर्ग शोधतच नाही. म्हणून अ‍ॅप्लिकेशन सुरूही होत नाही आणि तक्रारही येत नाही. उपाय दोन: सर्व्हरवर टॉमकॅट १०.१ आणा, नाहीतर प्रोजेक्ट स्प्रिंग बूट २.७ वर उतरवा. दुसरा मार्ग सोपा दिसतो, पण २.७ चा मोफत आधार २०२३ मध्येच संपला. कोणता मार्ग कधी घ्यायचा, हे सांगता येणं म्हणजेच अनुभव.

असंच सगळीकडे आहे. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार जून २०२४ मध्ये संपला, आणि त्यातली मूळ सी लायब्ररी इतकी जुनी की नोड १८ ची तयार आवृत्ती तिथे चालतच नाही. बँका, सरकारी खाती, कारखाने एका रात्रीत सर्व्हर बदलू शकत नाहीत. चालू व्यवहाराला धक्का न लावता पुढे नेणारा माणूस त्यांना हवा असतो, आणि असा माणूस सहज मिळत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावं? जावा ८ आणि स्प्रिंग बूट २.७ वरचा एखादा छोटा प्रोजेक्ट घ्या. आधी जावा १७ वर न्या, तो नीट चालू द्या, मगच बूट ३ वर चढा. दोन्ही उड्या एकदम मारू नका. काय कशामुळे मोडलं ते कळणार नाही. सिक्युरिटीचं कॉन्फिगरेशन मोडेल. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असली की आधी उघडणारं पान आता ४०४ देईल, कारण स्प्रिंग ६ ने ती सवलत मूळ सेटिंगमधून काढली. प्रत्येक बिघाड, त्याचं कारण आणि उपाय वहीत लिहा. मुलाखतीत ‘मला स्प्रिंग बूट येतं’ यापेक्षा ही वही जास्त बोलते. सर्व्हरवर लिनक्स कोणतं, जावा कोणती, टॉमकॅट कितवा, हे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी विचारायची सवय आत्ताच लावून घ्या.

नवं शिकू नये, असं मी म्हणत नाही. दहा-दहा वर्षं एकाच जुन्या आवृत्तीवर बसून राहणाऱ्याचं करिअर खरंच थिजतं. म्हणून नोकरीत विचारायचा प्रश्न ‘मेंटेनन्स की डेव्हलपमेंट?’ हा नाही. ‘इथे अपग्रेड होणार आहे का, आणि मला त्यात घेणार का?’ हा आहे.

आणि पालकांनो, पुढच्या क्लासची फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: कोणती आवृत्ती शिकवणार, आणि मुलाकडून प्रोजेक्ट खऱ्या सर्व्हरवर चढवून घेणार का? दुसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर ते पैसे राखून ठेवा.