भाड्याची यंत्रे आणि धंद्याची वाढ

सुगीच्या चार दिवसांकरिता लहान शेतकरी मळणीयंत्र विकत घेत नाही, भाड्याने आणतो. संगणकांचाही असाच व्यवहार हल्ली रूढ झाला आहे. एका यंत्राचे आज्ञावलीच्या योगे, वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे, अनेक स्वतंत्र भाग पाडणे यास ‘व्हर्च्युअलायझेशन’ म्हणतात. असे भाग दुरून, वापर मोजून भाड्याने देणे यास ‘क्लाउड’ म्हणतात. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने हा धंदा २००६ साली मांडला.

त्याच देशातील नेटफ्लिक्स कंपनीचे संगणकीय दप्तर २००८ साली बिघडून तीन दिवस चित्रपटांच्या तबकड्या रवाना होईनात. पुढे तिने आपला कारभार भाड्याच्या यंत्रांवर नेला. ते काम २०१६ च्या जानेवारीत पुरे झाले. तोवर इंटरनेटवरून चित्रपट पाहणारे तिचे सभासद आठपट झाले होते.

परंतु भाडे सदाचे असते. ड्रॉपबॉक्स कंपनीचा साठा फार वाढला, तेव्हा तिने २०१६ पर्यंत त्यातील ९० टक्क्यांहून अधिक भाग स्वतःच्या यंत्रांवर आणून खर्च वाचविला.

तात्पर्य, मागणी अनिश्चित आहे तोवर भाडे सोईचे. ती मोठी व स्थिर होताच मालकीचा हिशेब करून पाहावा. संस्थेच्या वह्या अशा ठिकाणी ठेवणाऱ्यांनी करार नीट वाचावा व एक नक्कल स्वतःजवळ ठेवावी.