मांजरीचा मेंदू आणि मुलाचा डोळा

स्मरणिकेत आठवणी आणि शुभेच्छा यांच्याबरोबर विज्ञानाचा एक तरी पाठ असावा, असा आग्रह आम्ही शिक्षकांनी धरला आणि संपादक मंडळाने तो मान्य केला. विषयासाठी फार शोधावे लागले नाही. आमच्या वसतिगृहाच्या धान्यकोठीत उंदरांच्या बंदोबस्तासाठी वर्षानुवर्षे मांजरी राहत आल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी त्यांना ताटातली पोळी चोरून घातलेली आहे. पाहणे ही क्रिया मेंदूत कशी घडते, याचा मोठा उलगडा माणसाला या मांजरांच्याच मेंदूतून झाला. त्या उलगड्याचा आमच्या एका विद्यार्थ्याशी कसा संबंध आला, तेही येथे सांगावयाचे आहे.

डोळा कॅमेऱ्यासारखा असतो, असे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण अर्धेच. भिंगामुळे दृष्टिपटलावर चित्र उमटते. परंतु ते चित्र पाहणारा दुसरा डोळा मेंदूत बसलेला नसतो. तेथे असतात त्या चेतापेशी. प्रत्येक चेतापेशी विजेचे सूक्ष्म ठोके पाठवते, ठोक्यांची गती वाढवते किंवा गप्प राहते. एवढ्या भांडवलावर तिला आईचा चेहरा आणि पाटीवरचा ‘अ’ ओळखण्याच्या कामात वाटा उचलायचा असतो.

स्टीफन कफलर या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांजरीच्या दृष्टिपटलातील पेशींचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले. डोळ्यासमोर सर्वत्र सारखा प्रकाश असला की या पेशी फारशा उत्तेजित होत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवरचा लहानसा प्रकाशमान ठिपका, किंवा त्याच्या उलट उजेडातला काळा ठिपका, त्यांना जागे करतो. म्हणजे डोळा मेंदूला उजेडाचे मोजमाप कमी आणि उजेड-अंधारातील फरकाची वार्ता अधिक कळवतो.

कफलर यांच्याच बाल्टिमोर येथील प्रयोगशाळेत १९५८ मध्ये डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन तरुण एकत्र आले. ह्युबेल कॅनडाचे, वीझेल स्वीडनचे. ह्युबेल यांनी टंगस्टन धातूची अत्यंत बारीक टोकाची तार तयार केली होती. बेशुद्ध केलेल्या मांजरीच्या मेंदूच्या मागील भागात, जेथे दृष्टीचे केंद्र असते तेथे, ती तार एका पेशीजवळ नेऊन ठेवायची आणि त्या पेशीचे ठोके ध्वनिक्षेपकातून ऐकायचे, अशी त्यांची पद्धत होती. मांजरीच्या समोर पडदा असे आणि त्यावर काचपट्टीच्या साहाय्याने ठिपके दाखवले जात.

ठिपके दाखवून झाले. पांढरे झाले, काळे झाले. पेशी ढिम्म. तासांमागून तास गेले. मग एकदा काचपट्टी यंत्रात सरकवताना अचानक ध्वनिक्षेपकातून ठोक्यांची सरबत्ती सुरू झाली. कारण शोधता लक्षात आले की, काचेवरच्या ठिपक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पट्टीच्या कडेची फिकट सावली एका रेषेसारखी पडद्यावरून सरकली होती आणि पेशीने प्रतिसाद दिला होता तो त्या रेषेला! त्यातही रेषा एका विशिष्ट कलाने असेल तरच. घड्याळाचा काटा अकरावर असताना बोलणारी पेशी काटा बारावर आला की मंदावते आणि दोनवर आला की मुकी होते, असे समजावे. शेजारच्या पेशीला दुसराच कल आवडतो. तार तिरकी पुढे सरकवत नेली तर कल टप्प्याटप्प्याने बदलत जातो; सरळ खाली उतरवली तर एकाच कलाच्या पेशी एकाखाली एक भेटतात. काही पेशींना रेषा ठरलेल्या जागीच हवी असते. काहींना जागा थोडी बदललेली चालते, पण रेषा हलती हवी, आणि अनेकदा तीही एकाच दिशेने जाणारी.

ठिपके पाहणाऱ्या पेशींपासून रेषा पाहणारी पेशी कशी घडते? आपल्या जिल्ह्यातील वाचकाला हे शेतावरून समजेल. सोयाबीनचे प्रत्येक रोप म्हणजे एक ठिपका. पण बांधावर उभे राहिले की आपल्याला रोपे दिसत नाहीत, तास दिसतात. ठिपके पाहणाऱ्या ज्या पेशींची क्षेत्रे एका ओळीत येतात, त्या सगळ्या मिळून एकाच पुढच्या पेशीला वार्ता देत असाव्यात, असे स्पष्टीकरण या दोघांनी १९६२ मध्ये मांडले. आम्हांला ते आजही सुंदर वाटते.

आता आमच्या विद्यार्थ्याविषयी. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावातून एक मुलगा पाचवीत दाखल झाला. नेत्रतपासणीच्या दिवशी त्याने उजवा डोळा झाकला आणि म्हणाला, “सर, आता तक्ता दिसत नाही.” घाबरला मात्र नाही. सर्वांचा एक डोळा असाच असतो, अशी त्याची समजूत होती! दोन्ही डोळे उघडे ठेवून तो उत्तम वाचत होता, त्यामुळे घरी कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला. चष्मा आला, तरी त्या डोळ्याला स्पष्ट दिसेना. भिंग बरोबर होते, दृष्टिपटल निरोगी होते. दोष होता तो त्यापुढे.

याचे उत्तर पुन्हा मांजरीकडे जाते. ह्युबेल आणि वीझेल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिलाची एक पापणी शिवून ठेवली आणि सुमारे तीन महिन्यांनी उघडली. डोळा चांगला होता; पण मेंदूतील जवळजवळ सर्व पेशी आता फक्त दुसऱ्या डोळ्याचे ऐकत होत्या. मोठ्या मांजरीचा डोळा तसाच झाकला तर असे काही होत नाही. पिलाच्या वयाचा चौथा-पाचवा आठवडा सर्वांत नाजूक ठरला. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, दोन्ही डोळे झाकले तर त्या मानाने हानी कमी होते. म्हणजे डोळा केवळ न वापरल्याने दुबळा होत नाही. चालता डोळा त्याची जागा बळकावतो. आमच्या मुलाच्या मेंदूत नेमके हेच घडले होते. यालाच डॉक्टर ‘आळशी डोळा’ म्हणतात. नाव अन्यायाचे आहे. तो डोळा आळशी नसतो, त्याचे ऐकणारे कोणी उरलेले नसते.

हा पाठ वर्गात सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, “पिलाला किती त्रास झाला असेल?” रोज सकाळी प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील म्हणणाऱ्या मुलांनी हे विचारणारच. या संशोधनासाठी दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, हे सांगून तो प्रश्न मिटत नाही, आणि आम्ही तो मिटवलाही नाही. त्या पिलांमुळे लहान मुलांच्या उपचारांची घाई किती आवश्यक आहे हे कळले, एवढेच आम्ही तिला सांगितले.

ती घाई अशी. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही दवडू नये. तिरळेपणा ‘मोठा झाला की आपोआप जाईल’ म्हणून सोडू नये. आळशी डोळ्यावर सात वर्षांच्या आत उपचार झाले तर लाभ सर्वाधिक. पण त्यानंतर दार बंद होते असे नाही. सात ते बारा या वयातही पुष्कळ मुलांची दृष्टी सुधारते, असे अमेरिकेतील मोठ्या चाचणीतून २००५ मध्ये दिसून आले. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये. आणि घरी पालकांनी मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरची दिनदर्शिका दुरून वाचून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

आमच्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर डॉक्टरांनी रोज ठरावीक वेळ पट्टी बांधायला सांगितली. तो वेळ आम्ही सायंकाळच्या अभ्यासिकेत ठेवला. पहिले काही दिवस तो रडला, कारण धडा वाचता येईना. मग शेजारच्या मुलाने त्याला मोठ्या अक्षरांचे पहिलीचे पुस्तक आणून दिले. वर्षअखेरीस डावा डोळा तक्त्यावरच्या आणखी तीन ओळी वाचू लागला. शेवटच्या दोन ओळी त्याला आजही वाचता येत नाहीत.