दोन सरड्यांच्या दोन पेट्या

एकाच पेटीत दोन बिअर्डेड ड्रॅगन असतील, तर सुतारकामाला लागण्याआधी त्यांतल्या दुबळ्याला आजच बाहेर काढा. पक्की पेटी होईपर्यंत त्याला उंच भिंतींचा मोठा टब चालतो. तळाला कागद, एका टोकाला लपायला पुठ्ठ्याचा खोका, दुसऱ्या टोकावर स्टँडला घट्ट बांधलेला दिवा. दिव्याची धग प्लॅस्टिकला लागता कामा नये.

एवढी घाई का? मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला हा सरडा आपली जागा दुसऱ्याला देत नाही. दोघं एकमेकांच्या अंगावर पहुडलेले दिसले की घरच्यांना ती माया वाटते. प्रत्यक्षात वरचा खालच्याची ऊब अडवत असतो. दबलेला सरडा पुढचा पाय हळूहळू फिरवून शरणागती दाखवतो, उरलंसुरलं खातो, दिव्यापासून लांब राहतो. पुरेशी ऊब नाही म्हणून खाल्लेलं पचत नाही, आणि तो खंगत जातो. पिलं एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं तोडतात. पालीसारखी यांची शेपटी पुन्हा उगवत नाही. दोन नर भांडतात. नराबरोबर ठेवलेली मादी वारंवारच्या अंड्यांनी झिजते, तिच्या अंगातलं कॅल्शियम संपत जातं. दोन माद्यांचं जमेल, या भरवशावरही राहू नये. वेगळा काढलेला सरडा एकटेपणाने झुरेल ही भीती मनातून काढून टाका.

आता पेटी. मोठ्या सरड्याला निदान ४ फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच जागा हवी. हे माप कामालाही सोयीचं आहे: प्लायच्या ८ × ४ फुटी एका शीटमधून तळ, छत, पाठ आणि दोन्ही बाजू निघतात. पाठ तळ-छताच्या मध्ये बसवायची, म्हणून बाजूंचे तुकडे खोलीला पाठीच्या जाडीइतके कमी कापा. करवतीत जाणारे दोन-तीन मिलिमीटरही धरा. समोरच्या दोन पट्ट्यांसाठी वेगळा तुकडा लागेल: खालची चार-पाच इंचांची, वरची दिवे झाकण्यापुरती. त्यांच्यामध्ये चॅनल लावून दोन सरकत्या काचा बसवा.

गार टोकाला खाली आणि गरम टोकाला वर जाळीची भोकं ठेवली की हवा आपोआप खेळते. आतून पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. आठवडा तरी जातोच. सांधे फिश टँकच्या सिलिकॉनने भरा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशक असतं, ते नको.

पेटीचा जीव तिच्या उष्णतेत आहे. गरम दिवा एकाच टोकाला, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, भोवती तारेची जाळी. त्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश सेल्सिअस, दुसरं टोक २४ ते २७, रात्री १८ च्या खाली नाही. चिकटवायच्या तबकडी-थर्मामीटरवर विसंबू नका. दगडाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. दिवा मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट लावा. विजेवर तापणारे दगड मात्र घेऊच नका, त्यांनी पोट भाजतं.

यूव्हीबी ट्यूब टी-५ प्रकारची, १० ते १२ टक्क्यांची, गरम बाजूने पेटीची अर्धी लांबी व्यापणारी. ती आतच हवी, कारण हे किरण काचेतून जात नाहीत. जाळी मध्ये नसेल तर सरड्याची पाठ ट्यूबपासून ३० ते ३८ सेंटिमीटरवर यावी. दोन फुटी पेटीत त्यासाठी दगड किंवा फांदी आठ-दहा इंच उंच करावी लागते. ट्यूबसोबतचा अंतराचा तक्ताही पाहा. उजेड तसाच दिसला तरी किरण क्षीण होतात, म्हणून वर्षाने ती बदला. तळाला फरशी उत्तम: ऊब धरते, नखं झिजवते, धुता येते. पिलांना वाळू नको.

सरडा आत सोडण्याआधी पेटी दोन दिवस रिकामी चालवून दिवसाचं आणि रात्रीचं तापमान लिहून ठेवा. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दुसरी पेटी अशीच. दोघे एकमेकांना दिसता कामा नयेत. मध्ये काच असली तरी ताण राहतो. एकावर एक ठेवल्यास मध्ये लाकडी पट्ट्या घालून फट राखा, नाहीतर खालच्या दिव्याने वरचा तळ तापतो. चिमटे आणि वाट्याही वेगळ्या, कारण कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी विष्ठेतून पसरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावं: ही पेटी इथल्या रानातल्या सरड्यांसाठी नाही. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. रानातला कोणताही सरडा रानातच राहू द्या. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा परवान्याचा नियम आधी पाहावा.

वेगळ्या केलेल्या सरड्याचं दर आठवड्याला वजन करा. पोटभर खाऊनही ते चढत नसेल, तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा.